ऐंशीची रेघ: फ्लॅटचं लीज वाढवण्याआधीची तयारी

इंग्लंडात फ्लॅट बहुधा ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, म्हणजे लीजवर, घेतलेला असतो, आणि वर्षं कमी होत गेली की ते लीज पैसे भरून वाढवून घ्यावं लागतं. त्यासाठी आधी लीजचा मूळ कागद शोधा. घर घेताना सॉलिसिटरने, म्हणजे आपल्या वकिलाने, दिलेल्या जाड पाकिटात तो असतो, आणि ते पाकीट बहुतेक घरांत बॅगांच्या कपाटात सगळ्यात खाली गेलेलं असतं. मिळाला नाही तर लँड रजिस्ट्रीच्या सरकारी संकेतस्थळावरून थोड्या पौंडांत प्रत काढता येते. शोधताना सगळ्यात वर येणाऱ्या खासगी संकेतस्थळांकडे जाऊ नका, त्याच कागदाचे ते कितीतरी जास्त पैसे घेतात. प्रत हातात आली की चहा घेऊन बसा आणि फक्त तारखा वाचा. बाकीची इंग्रजी पुढच्या रविवारी.

लंडनच्या हॅरोमधल्या आमच्या फ्लॅटच्या लीजवर पहिल्याच पानावर ऑक्टोबर १९८४ अशी तारीख आहे. मुदत १२५ वर्षं. म्हणजे २१०९ पर्यंत निश्चिंत, असा हिशोब मी बरीच वर्षं डोक्यात ठेवून होतो. चौथ्या पानावर मुदतीची व्याख्या आहे, ती २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा नीट वाचली: ‘२४ जून १९८२ पासून १२५ वर्षं.’ कागद ८४ चा, पण मुदतीचं घड्याळ ८२ पासून चालू झालेलं. सव्वादोन वर्षांहून जास्त काळ एका ओळीत गेला. हा प्रकार दुर्मिळ नाही. बिल्डर सगळ्या इमारतीसाठी एकच आरंभदिन ठरवतो आणि फ्लॅट मात्र पुढे दोन-तीन वर्षं विकत राहतो. तो दिवसही बरेचदा २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर किंवा २५ डिसेंबर असतो, कारण इंग्लंडात जुन्या काळापासून भाडं द्यायचे दिवस हेच चार. तुमच्या लीजमध्ये यातली एखादी तारीख दिसली तर ती शेवटपर्यंत नीट वाचा.

आता तारखेचा एवढा घोष का, ते सांगतो. इथे लिहितोय ते इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडात हा कायदा नाही. नवी मुंबईत सिडकोच्या जमिनीवर घर असलेल्यांना भाडेपट्ट्याचा प्रकार नवीन नाही, पण इथला कायदा वेगळा आहे. १९९३ च्या कायद्याने फ्लॅटच्या लीजधारकाला हक्क दिला: सध्याच्या शिल्लक मुदतीत ९० वर्षांची भर आणि ग्राउंड रेंट, म्हणजे जमिनीचं वार्षिक भाडं, शून्य. कागदोपत्री ते ‘एक मिरी’ असं लिहितात, तेही मालकाने मागितली तर. (आमच्या कोकणातल्या आत्याला हे सांगितलं तेव्हा तिने मिरीचा सध्याचा भाव सांगून ग्राउंड रेंट चढाच आहे असं ठरवलं.) या हक्काच्या बदल्यात फ्रीहोल्डरला, म्हणजे जमिनीच्या मूळ मालकाला, प्रीमियम (एकरकमी मोबदला) द्यायचा असतो, आणि त्या प्रीमियमच्या हिशोबात ८० वर्षांची रेघ आहे. शिल्लक मुदत ८० वर्षांपेक्षा जास्त असेल तर ‘मॅरेज व्हॅल्यू’ नावाची गोष्ट मोजत नाहीत. ८० किंवा त्याहून कमी असेल तर मोजतात, आणि तिचा अर्धा वाटा फ्रीहोल्डरला जातो. लीज वाढल्यामुळे फ्लॅटची किंमत जेवढी फुगते, त्यातून फ्रीहोल्डरचं नुकसान वजा केलं की उरते ती मॅरेज व्हॅल्यू. लग्न कोणाचं कोणाशी हे मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही, आहेर मात्र एकाच बाजूने जातो.

आकड्यांत बघा. समजा लांब लीजसह फ्लॅटची किंमत ३,००,००० पौंड आणि ग्राउंड रेंट वर्षाला १०० पौंड. फ्रीहोल्डरला फ्लॅट परत मिळणार तो इतक्या वर्षांनी, म्हणून ती किंमत आजच्या पैशांत आणायला वर्षाला ५ टक्के दर लावतात. फ्लॅटसाठी हा दर २००६ च्या स्पोर्टेली खटल्यापासून रूढ आहे. शिल्लक ८१ वर्षं असतील तर ही रक्कम साधारण ५,७०० पौंड येते. ग्राउंड रेंट बुडतो त्याचे ७ टक्के दराने आणखी १,४०० धरा. एकूण ७,१०० च्या आसपास. आता तोच फ्लॅट ७९ वर्षांवर आणा. वरच्या दोन रकमा मिळून ७,७०० होतात, म्हणजे फार फरक नाही. पण मॅरेज व्हॅल्यू आली. कमी मुदतीच्या लीजसह फ्लॅटची किंमत पूर्ण किमतीच्या ९४ टक्के धरली तर मॅरेज व्हॅल्यूचा अर्धा वाटा ५,००० च्या वर जातो आणि एकूण आकडा १२,८०० च्या घरात पोचतो. वर्षं दोनच कमी झाली. ९४ हा आकडा मी उदाहरणापुरता घेतला आहे. प्रत्यक्षात यावरच दोन बाजूंचे सर्व्हेअर, म्हणजे किंमत ठरवणारे तज्ज्ञ, भांडतात आणि फ्रीहोल्डरच्या सर्व्हेअरचा आकडा नेहमी खालीच असतो.

म्हणून तारखा वाचून झाल्या की आधी कॅलेंडरवर ८० ची तारीख लिहा. आमची २४ जून २०२७ होती, माझ्या डोक्यातली ऑक्टोबर २०२९. आणि हे लक्षात ठेवा की प्रीमियम मोजतात तो मुदतवाढ मागणारी नोटीस फ्रीहोल्डरला दिल्याच्या दिवशीच्या परिस्थितीवर. नोटीस ८० वर्षं दोन महिने शिल्लक असताना पोचली, तर पुढचं प्रकरण वर्षभर रेंगाळलं तरी मॅरेज व्हॅल्यू लागत नाही. नोटीस ही गाठ आहे, तिच्या आधीचं सगळं तयारीचं आणि तिच्या नंतरचं सगळं मुदतीचं. नोटीस दिल्यावर तयारी करायला बसणाऱ्यांची फार धावपळ होते, म्हणून ही यादी.

थांबावं का, हा प्रश्न सगळे विचारतात. २४ मे २०२४ ला नवा कायदा संमत झाला आहे. त्यात मुदतवाढ ९९० वर्षांची आहे, मॅरेज व्हॅल्यू रद्द आहे आणि फ्रीहोल्डरचा खर्च आपल्या माथी मारण्याची पद्धत बरीचशी काढून टाकली आहे. मुदतवाढीबद्दलचं एक कलम खरंच लागू झालं: फ्लॅट घेऊन दोन वर्षं झाल्याशिवाय नोटीस देता येत नसे, ती अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली. बाकीची मोठी कलमं हे लिहीपर्यंत लागू झालेली नाहीत. मोठ्या फ्रीहोल्डरांनी कोर्टात आव्हान दिलं होतं, ते हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये फेटाळलं, पण कायदा संमत होणं आणि लागू होणं यात इथे बराच काळ जातो. माझं मत असं की ९० च्या पुढे वर्षं शिल्लक असतील तर शांत बसा. आधीच ८० च्या खाली गेला असाल आणि घर विकायचं किंवा गहाण बदलायचं नसेल, तर थांबण्यात अर्थ असू शकतो, कारण नुकसान झालंच आहे. पण ८१, ८२, ८३ वर असाल तर संसदेच्या भरवशावर राहू नका. आम्ही राहिलो नाही.

तारखेनंतरचा प्रश्न: फ्रीहोल्डर नक्की कोण? दर वर्षी ग्राउंड रेंटचं पत्र पाठवणारा मालकच असतो असं नाही. आमच्याकडे पत्र एका मॅनेजिंग एजंटचं यायचं, त्यावर एका कंपनीचं नाव असायचं, आणि लँड रजिस्ट्रीतून जमिनीचा उतारा काढला तर तिथे तिसरीच कंपनी. मधल्या काळात इमारतीची जमीन विकली गेली होती आणि आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. कधीकधी तुमच्या आणि मूळ मालकाच्या मध्ये आणखी एक लीजधारक असतो. कायद्याने नोटीस द्यायची ती अशाला, ज्याची स्वतःची मुदत तुमच्यापेक्षा निदान ९० वर्षांनी लांब आहे. मधला माणूस त्यात बसत नसेल तर वरच्याकडे जावं लागतं, आणि मधल्यालाही प्रत द्यावी लागते. म्हणून उतारे दोन काढा, तुमच्या फ्लॅटचा आणि खालच्या जमिनीचा. जमीन सगळ्या फ्लॅटधारकांच्या सामायिक कंपनीच्या नावावर असेल तर तुमचं काम निम्म्याने हलकं. शेजाऱ्यांशी बोला, ९९९ वर्षांचं लीज एकमताने करून घ्या, ही यादी मिटवून टाका. आणि इमारतीतले निदान निम्मे फ्लॅटवाले एकत्र येत असतील तर जमीनच विकत घेता येते, पण तो वेगळा संसार आहे. आमच्या जिन्यातले आठजण दोन बैठकांत पार्किंगच्या पुढे सरकले नाहीत.

लीजमधला नकाशा बघा. गॅरेज, माळा, बागेचा तुकडा, पार्किंगची जागा यांच्याभोवती लाल रेघ आहे का? जे लीजमध्ये आहे तेच नव्या लीजमध्ये येणार. वर्षानुवर्षं वापरताय म्हणून माळा तुमचा होत नाही.

मग नावं. हा भाग आपल्या लोकांना जास्त त्रास देतो. रजिस्टरवर नवरा-बायको दोघं असतील तर नोटीस दोघांच्या नावाने जाते, एकट्याने देऊन चालत नाही. आणि ती नावं पासपोर्टाशी जुळायला हवीत. एका ठिकाणी मधलं नाव वडिलांचं, दुसरीकडे नवऱ्याचं, तिसरीकडे मधलं नावच नाही. कुणाचं लग्नात पहिलं नावही बदललेलं. सॉलिसिटर ओळख तपासतो तेव्हा मराठी घरात एकाच बाईची तीन नावं असू शकतात हे त्याला पटवावं लागतं. लग्नाचं प्रमाणपत्र, जुना पासपोर्ट, असेल तर नाव बदलल्याचं गॅझेट हे आत्ताच एका फाइलीत घाला. जोडीदारांपैकी कोणी वारलं असेल आणि रजिस्टरवर नाव तसंच असेल, तर तेही आधी दुरुस्त करून घ्या.

थकबाकी तपासा. ग्राउंड रेंट आणि सर्व्हिस चार्ज यांच्या निदान गेल्या सहा वर्षांच्या पावत्या, नसतील तर बँकेची स्टेटमेंटं. शेवटी नवं लीज हातात देताना मागची सगळी बाकी भरून घेतात, आणि ऐन वेळी एजंट २०२१ ची एखादी अनोळखी रक्कम काढतो. आमच्याकडे १८७ पौंड निघाले होते. ते भरलेले होते, पण सिद्ध करायला तीन आठवडे गेले.

आता माणसं. सर्व्हेअर आधी, सॉलिसिटर बरोबरीने. दोघंही लीज वाढवण्याचं काम नेहमी करणारे हवेत. घर घेताना स्वस्तात काम करून दिलेला सॉलिसिटर चांगला माणूस असेल, पण या कामाच्या तारखा चुकल्या तर चुकतात, त्यांना नंतरची दुरुस्ती नसते. या क्षेत्रातल्या लोकांची आलेप नावाची संघटना आहे, तिच्या यादीतून नावं काढता येतात. सर्व्हेअर आरआयसीएस या सर्व्हेअरांच्या व्यावसायिक संस्थेचा सदस्य आहे ना, आणि तुमच्याच भागातल्या फ्लॅटांचं काम त्याने केलंय का, हे विचारा. फुकट आणि भरवशाचा सल्ला हवा असेल तर लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिस ही सरकारी पैशावर चालणारी संस्था आहे. त्यांच्या संकेतस्थळावर हिशोबाचं यंत्रही आहे. आकड्याची कल्पना यायला ते पुरतं, नोटिशीत घालायला पुरत नाही.

सर्व्हेअरकडून तीन आकडे मागा: उत्तम झालं तर किती, बहुधा किती, वाईटात वाईट किती. फ्लॅटमध्ये तुम्ही स्वतः केलेल्या मोठ्या सुधारणांची यादी, बिलांसकट, त्याच्या हातात द्या. स्वयंपाकघर मोठं केलं, नवी हीटिंग बसवली, तर त्यामुळे वाढलेली किंमत प्रीमियमच्या हिशोबात धरायची नसते. ते सांगायचं राहिलं तर तुम्हीच केलेल्या खर्चावर तुम्हीच पुन्हा पैसे भरता.

या दिवसांत फ्रीहोल्डरचं एक गोड पत्र येऊ शकतं. वकील नको, नोटीस नको, एवढे पैसे द्या, लीज पुन्हा १२५ करून देतो, महिनाभराची ऑफर. हे बेकायदेशीर नाही, आणि क्वचित खरंच बरं पडतं. पण वाचताना तीन गोष्टी बघा. वर्षं किती वाढतात: ९० मिळणार की ४०? ग्राउंड रेंटचं काय: २०२२ च्या कायद्यामुळे वाढीव वर्षांवर तो लावता येत नाही, पण जुन्या मुदतीच्या उरलेल्या वर्षांत तो चालू ठेवता येतो, आणि ती वर्षं तुमचीच आहेत. तिसरी गोष्ट घड्याळाची. नोटिशीविना बोलणी चालू असताना काहीच गोठत नाही. चार महिने ईमेल चालतात, मग फ्रीहोल्डर गप्प होतो, आणि तुम्ही ८० च्या खाली. बोलणी करायचीच तर नोटीस देऊन करा. तडजोड नंतरही होते.

पैशांची तयारी नोटिशीच्या आधीच. प्रीमियम, तुमचा सॉलिसिटर, तुमचा सर्व्हेअर, आणि आजच्या नियमाने फ्रीहोल्डरचा वाजवी वकिली आणि मूल्यमापनाचा खर्च. हा शेवटचा खर्च तुम्ही नंतर माघार घेतली तरी द्यावा लागतो. नोटीस पोचल्यावर फ्रीहोल्डर अनामत मागू शकतो: तुम्ही लिहिलेल्या प्रीमियमच्या १० टक्के किंवा २५० पौंड, यात जे जास्त ते, आणि द्यायला १४ दिवस. पैसे भारतातून येणार असतील तर त्यांचा माग दाखवावा लागतो. पुण्यातला फ्लॅट विकून आलेत, वडिलांनी दिलेत, मुदत ठेव मोडलीय, काहीही असो, सॉलिसिटर उगम विचारणारच. एनआरओ खात्यातून (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातलं खातं) पैसे बाहेर काढायला सीएचं प्रमाणपत्र आणि बँकेची कागदपत्रं लागतात, आणि बँकेच्या शाखेतला एक सही करणारा साहेब नेमका रजेवर असतो. दोन महिने हाताशी ठेवा. फ्लॅटवर गहाण असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेलाही कळवायचं असतं, ते सॉलिसिटर करतो, तुम्ही फक्त खातेक्रमांक शोधून ठेवा.

मग नोटीस. कलम ४२ ची म्हणतात तिला. तीत तुमची नावं, लीजचा तपशील, देऊ केलेला प्रीमियम, हव्या असलेल्या अटी आणि फ्रीहोल्डरने उत्तर द्यायची तारीख असते. ही तारीख नोटीस दिल्यापासून निदान दोन महिने पुढची हवी. देऊ केलेला आकडा कमी ठेवायचा, पण हसण्याइतका कमी ठेवला तर नोटीसच अवैध ठरण्याची भीती असते. सर्व्हेअरच्या ‘उत्तम झालं तर’ या आकड्याच्या जवळ राहा. तुमचा सॉलिसिटर ही नोटीस लँड रजिस्ट्रीत नोंदवून ठेवतो, म्हणजे मध्येच जमीन विकली गेली तरी नव्या मालकावर ती बंधनकारक राहते. नोंदवली का, हे विचारून खात्री करा.

इथून पुढे तारखांची एक चिठ्ठी फ्रिजवर लावा. आमची अजून आहे. फ्रीहोल्डरला २१ दिवसांत तुमच्या मालकीचे कागद मागता येतात, मागितले की तुम्हाला द्यायला २१ दिवस. नोटिशीतल्या तारखेपर्यंत त्याची काउंटर-नोटीस, म्हणजे उत्तराची नोटीस, यायला हवी. आली नाही तर सहा महिन्यांच्या आत काउंटी कोर्टात अर्ज करता येतो आणि लीज तुमच्याच अटींवर मिळू शकतं. असं होतं कधीकधी, पण त्या आशेवर राहू नका. काउंटर-नोटीस आली तर बहुधा हक्क मान्य असतो आणि आकडा तिप्पट असतो. घाबरू नका, तो आकडा बोलणी सुरू करायचा असतो. तिच्यानंतर दोन महिने उलटल्यावर आणि सहा महिने पुरे होण्याआधी ट्रायब्युनलकडे (अशा वादांचा निवाडा करणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अर्ज जायलाच हवा. बोलणी कितीही छान चालली असोत, सर्व्हेअर ‘पुढच्या आठवड्यात ठरेल’ म्हणत असो, सहा महिन्यांच्या आत अर्ज टाका. तो चुकला की नोटीस मागे घेतली असं कायदा धरतो, पुढचे १२ महिने नवी नोटीस देता येत नाही, आणि फ्रीहोल्डरचा खर्च तुमच्या गळ्यात. सॉलिसिटरवर विसंबून असलात तरी ही तारीख तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये, तीन आठवडे आधीच्या घंटीसह, घाला. आमच्या ऑफिसातल्या एका बाईंनी पाचव्या महिन्याच्या शेवटी आपल्या सॉलिसिटरला फोन केला तेव्हा तिकडून ‘अरे हो’ असं उत्तर आलं होतं. आकडा ठरल्यावरही सुटका नाही. नवं लीज दोन महिन्यांत झालं नाही तर पुढच्या दोन महिन्यांत कोर्टात अर्ज करावा लागतो, नाहीतर पुन्हा तेच.

तुम्ही परत पुण्याला किंवा नाशिकला गेला असाल आणि इथला फ्लॅट भाड्याने दिला असेल, तरी हे सगळं तिथून जमतं. २०१४ च्या दुरुस्तीपासून नोटिशीवर तुमच्या वतीने सॉलिसिटर सही करू शकतो. शेवटच्या लीजवर मात्र तुमची सही आणि समोर बसून ती पाहणारा साक्षीदार लागतो. व्हिडिओ कॉलवर पाहणारा चालत नाही. साक्षीदार नवरा-बायकोपैकी, घरातलं किंवा त्याच कागदावर सही करणारं नको. सोसायटीतल्या निवृत्त काकांना बोलवा, त्यांचा पूर्ण पत्ता आणि व्यवसाय इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. आमच्या एका मित्राच्या कागदावर काकांनी मराठीत झोकदार सही केली ती चालली, पण पत्ता ‘मारुती मंदिरामागे’ एवढाच लिहिल्यामुळे कागद परत आला. कुरिअरचे दोन आठवडे दोनदा गेले.

नवं लीज झालं की लँड रजिस्ट्रीत नोंद व्हायला वेळ लागतो. सॉलिसिटरचं बिल भरून फाइल बंद करण्याआधी नव्या उताऱ्याची प्रत मागा आणि पुन्हा तारखा वाचा. आरंभदिन, एकूण वर्षं, नावांची स्पेलिंगं. आमच्या उताऱ्यात माझ्या मधल्या नावातला एक ‘ए’ गेला होता.